नवा ओटा, दीडची वायर: इंडक्शन-ओव्हनचं वायरिंग करताना या चुका टाळा

ओट्याचा ग्रॅनाइट निवडायला आम्ही तीन रविवार घालवले. भिंतीतल्या वायरचा निर्णय मात्र वायरमनने अर्ध्या तासात उरकला. सहा महिन्यांनी इंडक्शनचा प्लग काढायला गेले तर हाताला चटका बसला. एक पिन तपकिरी पडलेली, सॉकेटचं भोक पिवळट. बोर्ड उघडला, तर चकचकीत १६ अँपिअरच्या सॉकेटमागे दिव्याच्या पॉइंटवरून लूप केलेली दीडची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची, बारीक वायर!

सॉकेट बघून फसू नका. २,००० वॅटचं इंडक्शन २३० व्होल्टला जवळजवळ ९ अँपिअर ओढतं. त्याच वायरवर १,५०० वॅटची किटली आणि तेवढ्याच वॅटचा ओटीजी (ओट्यावरचा छोटा ओव्हन) लावला की बेरीज जवळजवळ २२ अँपिअर होते. १६ अँपिअरच्या सॉकेटला निदान अडीचची तांब्याची वायर हवी. इंडक्शन आणि ओव्हनची तर डीबीतून (घरातल्या मुख्य स्विचबोर्डातून) थेट, प्रत्येकाच्या वेगळ्या एमसीबीवर (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच). ओट्यात बसणारा चार शेगड्यांचा इंडक्शन हॉब ७ किलोवॅटच्या घरात जातो. त्याला सहाची वायर आणि ३२ चा एमसीबी लागतो. तो घेण्याआधी वीजबिलावरचा मंजूर भार बघा.

एमसीबी सारखा पडतो म्हणून १६ चा काढून ३२ चा बसवून देणारे महाभाग भेटतात. अहो, तो वायर जळू नये म्हणून असतो. मोठा बसवलात की तो पडायचा थांबेल आणि वायर गिलाव्याच्या आत तापत राहील. थोडा वेळ चालून पडला तर बहुधा भार जास्त आहे. बटण दाबताक्षणी पडला तर शॉर्ट शोधा. आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतोय? मग कुठेतरी करंट गळतोय. पावसाळाभर न वापरलेल्या ओटीजीच्या कॉइलमध्ये ओल शिरली तरी असं होतं.

ओव्हनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर रबरी चप्पल हा उपाय नव्हे. कधी अर्थिंगची हिरवी वायर सॉकेटपर्यंत आलेलीच नसते. कधी सॉकेटमध्येच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून मोकळे होतात, आणि हे त्याहून वाईट: मागे न्यूट्रल तुटला की पत्र्यावर थेट २३० व्होल्ट. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्याच, त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. त्या बटणाने आरसीसीबी तपासला जातो, अर्थिंग नाही. ते वायरमनकडून वेगळं तपासून घ्या.

गॅसच्या डोक्यावर किंवा सिंकला चिकटून बोर्ड नको. बिल्ट-इन ओव्हनचा सॉकेट त्याच्या पाठीमागे नको, शेजारच्या कपाटात हात पोहोचेल असा ठेवा. जाड पिनांचा प्लग बारीक सॉकेटात घालायचे ते कन्व्हर्टर घरात आणूच नका.

आणि भिंतीतल्या झिऱ्या बुजवण्याआधी शेजारी मोजायची टेप धरून फोटो काढा. चिमणीवाला ड्रिल घेऊन येतो तेव्हा वायरचा पाईप कुठून गेलाय हे कुणालाच आठवत नसतं.