गलाईवाला जत्रेला गावी येतो तेव्हा: नवरा-बायकोच्या तपासणीच्या तारखांचा हिशेब

परगावी सोनं-चांदी गाळायचं दुकान चालवणारा आटपाडी-विट्याकडचा गलाईवाला, पाटण-जावळीचा मुंबईतला माथाडी, माण-खटावचा ट्रक ड्रायव्हर. यांचं गावातलं राहणं म्हणजे दिवाळीचे आठ दिवस आणि जत्रेचे आठ दिवस. पै-पाहुणे, नैवेद्य, शेताची कामं तेवढ्यातच, आणि संसारही तेवढ्यातच. परगावी कुणाशी निरोध न वापरता संबंध आला असेल, तर एचआयव्हीसाठी रक्त तपासायचं कामही जत्रेतच उरकू असं वाटतं. चूक इथंच होते.

एचआयव्हीची लागण रक्तात लगेच दिसत नाही. बहुतेकांत ती ४ ते ६ आठवड्यांत दिसते, पण खात्रीनं 'नाही' म्हणायला ३ महिने जावे लागतात. पंचाईत अशी की रिपोर्ट अजून निगेटिव्ह येत असतो त्या सुरुवातीच्या आठवड्यांतच लागण दुसऱ्याला जास्त जाते. समजा शेवटचा धोक्याचा संबंध १० मार्चचा आणि जत्रा १५ एप्रिलची. जत्रेत रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी १० जूनला पुन्हा तपासायचं आणि तोवर घरात निरोध वापरायचा. दिवस मोजायचे ते संबंधाच्या तारखेपासून, गाडीतून उतरल्यापासून नव्हे.

म्हणून पहिली तपासणी कामाच्या शहरातच करून यावं. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, ती मोफत होते, मग ते चेन्नई असो की दिल्ली. तिथं ओळखीचं कुणी भेटायची भीतीही कमी. इकडं वडापच्या जीपमध्ये शेजारी कोण येऊन बसेल याचा नेम नाही. गावाकडं करायची तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, सांगली-साताऱ्याचं सिव्हिल किंवा मिरजेचं सरकारी हॉस्पिटल. पहिल्या किटवर 'आहे' दिसलं की आणखी दोन वेगळ्या किटवर पडताळतात, तेव्हा खाजगी लॅबच्या एका कागदावर हाय खाऊ नका. त्याच रक्तावर सिफिलिस आणि हिपॅटायटीस बी तपासायलाही सांगा. हिपॅटायटीस बीची लस ३ डोसची आहे: आज, १ महिन्यानं आणि ६ महिन्यांनी. पुढचे डोस कामाच्या गावी घेता येतात, फक्त कार्ड जपून ठेवा.

संबंध नुकताच आला असेल किंवा निरोध फाटला असेल, तर ३ महिने वाट बघत बसू नका. ७२ तासांच्या आत, जमलं तर काही तासांतच, एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र, असलेल्या रुग्णालयात जा. डॉक्टरांना गरज वाटली तर लागण रोखायच्या गोळ्या देतात, त्या २८ दिवस न चुकता घ्यायच्या. ७२ तास उलटले की त्यांचा उपयोग नाही.

निरोध फाटतो तो बऱ्याचदा ठेवण्यातल्या किंवा वापरण्यातल्या चुकीनं. खिशातल्या पाकिटात महिनोन्‌महिने दबलेला, ट्रकच्या डॅशबोर्डवर तापलेला, भट्टीच्या दुकानात माळ्यावर पडलेला निरोध रबर कडक होऊन जातो. कपड्यांच्या बॅगेत, सावलीत ठेवा. वापरताना आधी तारीख बघा, मग पाकीट दाबून आत हवा आहे का ते बघा. फोडायचं ते बोटांनी, दातांनी नको. टोक चिमटीत धरून हवा काढा आणि मुळापर्यंत सोडा. खोबरेल किंवा व्हॅसलीन लावलं की रबर मिनिटांत कमजोर होतं. पाण्याचं जेल चालतं. बाहेर येताना कडा धरा. दोन एकावर एक चढवू नका, घासून फाटतात.

आता आपल्याकडची खरी अडचण. दोन मुलांवर बायकोचं ऑपरेशन झालं की घरातून निरोध कायमचा जातो, कारण तो फक्त पाळणा लांबवायला असतो असाच समज आहे. ऑपरेशन किंवा तांबी गर्भ थांबवते, लागण नाही. ऑपरेशन झालं नसेल तर बायकोला सोपं आहे: "अहो, यंदा पाळी पुढं जायला नको, निरोध आणा." झालं असेल तर आयसीटीसीच्या समुपदेशकांकडून नवऱ्याला सांगून घेता येतं की दोघांचीही तपासणी पुरी होईपर्यंत निरोध लागेल. "तू कुठं गेला होतास?" या प्रश्नानं भांडण पेटतं आणि तपासणी राहते. "दोघंही करू" म्हटलं की नवऱ्याला येणं सोपं जातं.

लघवीला जळजळ झाली की उन्हाळी लागली म्हणायचं आणि धने-जिऱ्याचं पाणी प्यायचं, ही घरोघरची रीत. उन्हाळीत पू येत नाही. इंद्रियातून पिवळसर पू येत असेल तर तो परमा (गनोरिया) समजून डॉक्टर गाठा. गरमी, म्हणजे सिफिलिस, त्याहून फसवी: चट्टा दुखत नाही आणि ३ ते ६ आठवड्यांत आपोआप भरून येतो. माणूस म्हणतो बरं झालं. रोग मात्र रक्तात तसाच राहतो. सुरुवातीच्या गरमीला पेनिसिलिनच्या इंजेक्शनचा एकच डोस पुरतो. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. बायकांत यांतलं बरंचसं दिसतच नाही. अंगावरून वास येणारं पाणी जाणं, ओटीपोट दुखणं, इतकंच. म्हणून लक्षण एकाला असलं तरी औषध दोघांना, आणि दोघांचं औषध झाल्यावर ७ दिवस संबंध नाही. मेडिकलमधून दोन गोळ्या घेऊन एकट्यानं बरं होणाऱ्याला घरातून तीच लागण परत मिळते.

गरोदरपणी नाव नोंदवताना एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी होते. पण डोहाळजेवणाला नवरा येऊन गेला असेल, तर ती जुनी झाली. बाळंतपणाआधी पुन्हा करून घ्या, कारण गरोदरपणात नव्यानं झालेली लागण बाळाला जाण्याचा धोका मोठा.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर एआरटीची औषधं मोफत आहेत, बहुतेकांना रोज एकच गोळी. विषाणूचं प्रमाण तपासणीत न दिसण्याइतकं खाली आलं आणि तसंच टिकलं, की संबंधातून लागण जात नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. जोडीदाराला कळवल्यानं बाईला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी भीती असेल, तर डॉक्टरांनी त्याला कळवायचं नाही, हेही त्याच कायद्यात आहे. शंका असेल तर १०९७ वर फोन करा, पैसे लागत नाहीत.

औषध मध्येच तुटलं की विषाणू त्याला दाद देईनासा होऊ शकतो, आणि जत्रेहून परत जाताना ते तुटायची भीती असते. निघायच्या आठवडाभर आधी आपल्या एआरटी केंद्राला सांगा, दुसऱ्या शहरातल्या केंद्रातून गोळ्या मिळायची सोय करून घ्या. एआरटीची पुस्तिका आणि वाटेत पुरतील इतक्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीतल्या बोचक्यात नको.