इंदुरात मोठ्यांना मराठी शिकवायचंय?

डिग्री-बिग्री नंतर बघा, आधी दोन-तीन शिकणारे गाठा, हिंदीभाषी सुना, जावई, पुण्याला नोकरी लागलेली पोरं इथे भरपूर सापडतात. लिपीवर वेळ घालवू नका, देवनागरी येतेच त्यांना, फक्त ळ घोटून घ्या. खरी गोची नपुंसकलिंगाची, हिंदीत दोनच लिंगं ना, म्हणून 'माझा घर', 'माझी पुस्तक' चालू असतं, तर 'माझं घर, माझं पुस्तक' असं बोलूनच घ्यायचं, तक्ते नकोत. मग सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं रूप बदलतं ते: राजवाडा पण राजवाड्याला, सराफा पण सराफ्यात, गावातलीच नावं घेतली की पटकन बसतं. चूक झाली तर मध्येच टोकू नका, मोठी माणसं लाजतात हो, वाक्य संपू द्या. आणि फी पहिल्याच दिवशी बोलून टाका, ओळखीतले असले तरी, नाहीतर पोहे-चहावरच भागवतील.