नवं पोकेमॉन कार्ड डेकमध्ये घेण्याआधी

नव्या सेटमधलं कार्ड पाहिलं की नजर आधी डॅमेजच्या आकड्यावर जाते. तो आकडा शेवटी बघा. आधी विचारा, हा हल्ला कितव्या टर्नला सुरू होईल? एका टर्नमध्ये हातातून एकच एनर्जी (हल्ल्यासाठी लागणारं कार्ड) लावता येते, त्यामुळे तीन एनर्जीचा हल्ला मदतीशिवाय तिसऱ्या टर्नच्या आधी होत नाही. तोवर समोरचा दोन प्राइझ, म्हणजे पोकेमॉन बाद केल्यावर मिळणारे बाजूला ठेवलेले पत्ते, घेऊन बसलेला असतो.

म्हणूनच ॲबिलिटी, म्हणजे हल्ल्याव्यतिरिक्त कार्डावर लिहिलेली खास क्षमता, नीट वाचा. २०२३ च्या ऑब्सिडियन फ्लेम्समधला चॅरिझार्ड ईएक्स घ्या. स्टेज २ म्हणजे दोन पायऱ्या चढून येणारा, म्हणून संथ, असं वाटतं. पण इव्हॉल्व्ह होताच, म्हणजे खालच्या पायरीवरून वर चढताच, तो डेकमधून तीन फायर एनर्जी लावतो आणि रेअर कँडी हे कार्ड मधली पायरी गाळतं. शिवाय त्याचा १८० चा हल्ला समोरच्याने घेतलेल्या प्रत्येक प्राइझमागे ३० ने वाढतो. मागे पडलात तरी डाव हातचा जात नाही.

सपोर्टर कार्ड, म्हणजे पोकेमॉन नसलेलं मदतीचं कार्ड, असेल तर कसोटी आणखी कडक. टर्नला एकच खेळता येतो, म्हणून 'छान आहे' एवढ्यावर भागत नाही. तुमच्या नेहमीच्या सपोर्टरऐवजी तुम्ही ते खेळाल का?

प्रतींचंही गणित करा. ६० पत्त्यांच्या डेकमध्ये चार प्रती असल्या, तर पहिल्या सात पत्त्यांत एक तरी येण्याची शक्यता जेमतेम ४० टक्के. एकच ठेवली, तर दहातल्या एका डावात ती प्राइझमध्येच अडकते. विकत घेण्याआधी साध्या कागदावर नाव लिहून, स्लीव्हमध्ये घालून खेळून बघा. पहिल्या आठवड्यातले भाव बहुतेकदा फुगलेले असतात.