ट्रॅक्टर सेल्फ घेईना? नवी बॅटरी आणायच्या आधी या चुका टाळा

ऊस तोड सुरू असताना सकाळी ट्रॅक्टरनं सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) घेतला नाही की आपल्याकडं निकाल आधीच लागलेला असतोय, "बॅटरी गेली लगा." मग गडी मोटरसायकलवर कोल्हापूर गाठतोय, नवी बॅटरी बसवतोय, चार दिवस बरं चालतंय आणि पाचव्या दिवशी परत तेच टिक टिक. बॅटरी जातच नाही असं नाही, तीन-चार वर्षं झाली असतील तर जाणारच, पण करंट अडतोय कुठं हे न बघता पैसे घालवायचे हा नाद काही बरा नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "लाईटी लागत्यात, म्हणजे बॅटरी चांगली आहे" किंवा "लाईटी लागत्यात, म्हणजे वायरिंग ओके आहे" असं धरून चालणं. हेडलाईटच्या एका बल्बला साधारण 5 अँपिअर लागतात, आणि डिझेल इंजिन फिरवायला सेल्फ 200 अँपिअरच्या वर ओढतोय. टर्मिनल अर्धं गंजलेलं असलं तरी 5 अँपिअर त्यातनं आरामात जातात, 200 जात नाहीत. म्हणून लाईटीचा उपयोग करायचा तो असा, हेडलाईट लावून ठेवायची आणि मग चावी मारायची आणि लाईटकडं बघायचं. लाईट एकदम मंद झाली किंवा विझली तर एकतर बॅटरी उतरलेली, नाहीतर टर्मिनल लूज, नाहीतर सेल्फ आतनं जाम. लाईट होती तशी झगझगीत राहिली आणि सेल्फचा काहीच आवाज नाही, तर बॅटरीला हात लावू नका, चावीचा स्विच, फ्यूज, न्यूट्रल किंवा क्लचचा सेफ्टी स्विच नाहीतर सोलेनॉइडला (सेल्फला करंट जोडून देणारा स्विच) जाणारी बारीक वायर बघा. लाईट झगझगीत आणि सोलेनॉइडचा नुसता एक जोरात टक् आवाज, तर सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट नाहीतर सेल्फचे कार्बन (आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) झिजलेले असायची शक्यता जास्त.

घरात मल्टिमीटर असू दे, साधा चालतोय. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती भरलेली आहे, 12.2 म्हणजे अर्धी, आणि 12 च्या खाली गेली तर आधी चार्जिंगला लावा, नंतर बोलू. एकजण सेल्फ मारताना दुसऱ्यानं मीटर बघायचा, 9.6 च्या खाली आपटतोय का. भरलेली बॅटरी असून आपटत असेल तर बॅटरीतच दम नाही, किंवा सेल्फ जाम होऊन जास्त ओढतोय. गाडी चालू झाल्यावर 13.8 ते 14.4 दिसायला पाहिजे, नाही दिसलं तर डायनामो चार्ज करत नाही आणि तुम्ही कितीबी नव्या बॅटऱ्या घाला, उतरणारच.

आता अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायची वाट, कारण निम्मे लोक इथंच फसतात आणि याच्याकडं कुणी वाकून बघत नाही. निगेटिव्हची जाड केबल चेसिसला किंवा गिअरबॉक्सच्या हाऊसिंगला जिथं बोल्ट केलेली असते तिथं चिखल, ऑइल आणि वरनं कुणीतरी मारलेला रंग, अशी सगळी मेजवानी असते. मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर (क्लॅम्पवर नाही, शिशाच्या पोस्टवरच), दुसरी सेल्फच्या बॉडीवर खरवडून, आणि सेल्फ मारायचा. अर्धा व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. मीटर नसला तर जंप केबल घ्या, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या बोल्टला लावून बघा, सेल्फ खणकन फिरला तर दुखणं सापडलं. मग बोल्ट काढून पॉलिश पेपरनं लोखंड पांढरं होईस्तोवर घासा, घट्ट आवळा, वरनं ग्रीस नाहीतर व्हॅसलीन. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, पाणी सेलच्या बुचात जाऊ देऊ नका. केबल काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी, नाहीतर पान्हा चेसिसला टेकला की ठिणगीचा कार्यक्रम होतोय.

कारखान्याच्या यार्डात नंबर येईपर्यंत रात्रभर इंजिन बंद ठेवून टेप आणि रंगीत लाईटी चालू, हे तर आपल्याकडचं खास. हौस करा, पण त्या वायरी डायरेक्ट बॅटरीच्या टर्मिनलला पिळून लावू नका, फ्यूज टाकून वेगळा स्विच द्या. आणि फ्यूज उडाला म्हणून त्यात तांब्याची तार घालणारे महाभाग आहेत, त्यांना एकच सांगणं, फ्यूज उडतोय म्हणजे कुठंतरी वायर घासून शॉर्ट होतीय नाहीतर लोड जास्त होतोय, तार घातली की फ्यूजच्या ऐवजी वायरिंग जळणार.

आणि तो स्क्रू ड्रायव्हर! सेल्फवर आडवा लावून डायरेक्ट स्टार्ट करायची सवय सोडा. असं केलं की न्यूट्रलचा सेफ्टी स्विच मधनं निघून जातोय, गिअर पडलेला असला तरी इंजिन चालू होतंय, आणि माणूस उभा असतो नेमका मागच्या मोठ्या चाकाच्या पुढं. माणसं अशीच चाकाखाली गेल्यात. सेफ्टी स्विचचा संशय असला तर सीटवर बसून क्लच पूर्ण दाबा, गिअर हलवून परत न्यूट्रल करा आणि चावी मारा, त्यानं चालू झाला तर स्विच बदलायचा, तो काही महाग नसतोय.

इंजिन मस्त फिरतंय पण पेटत नाही, तर बॅटरीला शिव्या देऊ नका. स्टॉपची केबल ओढलेली राहिली का बघा, ज्याला स्टॉप सोलेनॉइड आहे त्यात चावी ऑन केल्यावर पंपाजवळ टक् आवाज यायला पाहिजे. तेबी बरोबर असंल तर डिझेलमध्ये हवा धरली असायची शक्यता जास्त. सेल्फ एका वेळी 10-15 सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मधी अर्धा-एक मिनिट थांबा, नाहीतर आर्मेचर (सेल्फच्या आतला फिरणारा भाग) जळतंय.

दुसऱ्या ट्रॅक्टरवरनं जंप देताना त्याची बॅटरीबी 12 व्होल्टचीच पाहिजे, ट्रकची 24 व्होल्ट नको. शेवटचा निगेटिव्ह क्लॅम्प बॅटरीपासनं लांब इंजिनच्या लोखंडाला लावा, बॅटरीतनं हायड्रोजन निघतोय, बिडी तर लांबच ठेवा. चालू इंजिनवर बॅटरी काढून दुसऱ्याला द्यायची नाही, डायनामोचे डायोड उडतात. ट्रॅक्टरला वेल्डिंग मारायचं असंल तर आधी बॅटरी आणि डायनामोच्या वायरी सोडा.

2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोळ-करवीरकडं कितीतरी ट्रॅक्टर पाण्यात होते. असा ट्रॅक्टर बाहेर काढला की "बघू तरी" म्हणून चावी मारायची नाही. आधी बॅटरी सोडा, सेल्फ आणि डायनामो उतरवून इलेक्ट्रिशियनकडं द्या, गाळ धुऊन वाळवून घ्या, वायरिंगचे कपलर (वायरी जोडायची सॉकेटं) उघडून कोरडे करा. इंजिनात पाणी शिरलंय का ते मेकॅनिकनं बघितल्याशिवाय सेल्फला हात लावू नका, कारण सिलिंडरमध्ये पाणी असताना फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतोय, आणि मग बॅटरीचा खर्च चिल्लर वाटतो.