सांधे तपासायला जायच्या आधी

पुढच्या आठवड्यात लेकाची वर्षाची जॉइंट तपासणी आहे, हिमोफिलिया ए (रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार), सिव्हिअर म्हणजे तीव्र, वय 14. दरवर्षी काहीतरी विसरतो म्हणून यावेळी लिहूनच काढते, ज्यांची मुलं पहिल्यांदा जाणार आहेत त्यांनाही उपयोग होईल.

आधी तारीख. गुडघ्यात किंवा घोट्यात ताजं ब्लीड (सांध्यात आतल्या आत रक्तस्राव) असेल तर सरळ फोन करून पुढची तारीख घ्या, सुजलेल्या सांध्याचं माप घेऊन काही कळत नाही, वर पोराला त्रास. त्या दिवशी फॅक्टर (रक्त गोठायला मदत करणारं इंजेक्शन) देऊन न्यायचं की तसंच, हेही त्याच फोनवर विचारा. मग ब्लीडची वही. कुठला सांधा, कधी, मार लागून की आपोआप, फॅक्टरचे किती युनिट दिले, सूज किती दिवसांनी उतरली, एवढं पाहिजेच. एकाच सांध्यात 6 महिन्यांत 3 किंवा जास्त वेळा आपोआप ब्लीड झालं की तो टार्गेट जॉइंट धरतात, आणि हे आठवणीवर सांगायला गेलं की हमखास चुकतं. दुखतंय म्हणून कुठली गोळी दिली तेही लिहा, अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन तर आपल्या मुलांना परस्पर द्यायचीच नाही. जुने एक्सरे, सोनोग्राफी आणि गेल्या वर्षीचा स्कोअरचा कागद, तो सगळ्यात महत्त्वाचा, कारण एकट्या आकड्याला अर्थ नसतो, फरक बघायचा असतो.

कपडे म्हणजे सैल हाफ पँट आणि बिनबाह्यांचा बनियन. बूट रोजचेच, नवे नकोत, टाच कुठल्या बाजूने झिजलीय ते फिजिओ बघतात.

आता आकड्यांचं. एचजेएचएसमध्ये (हिमोफिलिया जॉइंट हेल्थ स्कोअर) दोन कोपरं, दोन गुडघे, दोन घोटे असे 6 सांधे तपासतात: सूज, दुखणं, स्नायू बारीक झालेत का, ताकद, हलवताना कुरकुर, किती वाकतो, किती सरळ होतो. कोन मोजायला गोनिओमीटर असतो, कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन पाय फुटल्यासारखा, दुखत नाही, हे लहान पोरांना घरीच सांगून ठेवा. सांध्याला 20 पर्यंत, चालण्या-पळण्याचे 4, एकूण 124, आणि इथे जास्त म्हणजे वाईट. फिश (रोजची कामं स्वतः किती जमतात त्याचा स्कोअर) नावाचा दुसरा आहे, वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलात तयार झालेला, त्यात जेवण-केस विंचरणं, आंघोळ, कपडे, खुर्चीतून उठणं, उकिडवं बसणं, चालणं, जिना आणि पळणं अशी 8 कामं, प्रत्येकाला 1 ते 4, म्हणजे 32 पैकी, आणि इथे जास्त म्हणजे चांगलं! पहिल्या वर्षी मी 27 बघून हबकले होते, उलटं वाचत होते.

खरी तयारी मात्र या 8 कामांचीच, आणि ती घरी. 4 म्हणजे अगदी निरोगी माणसासारखं, 3 म्हणजे कुणाची मदत लागत नाही पण जरा त्रासाने किंवा वेगळ्या तऱ्हेने. आपली मुलं या 3 मध्येच लपतात. माझा लेक उजव्या हाताने जेवतो, विचारलं तर ‘काही प्रॉब्लेम नाही’, पण कोपर पूर्ण वाकत नाही म्हणून घास तोंडाकडे न नेता तोंडच ताटाकडे नेतो. मला ती त्याची सवय वाटायची, ‘नीट बस’ म्हणून ओरडलेय कितीदा. बुटाची लेस स्टुलावर पाय ठेवून बांधतो. गावच्या घरी उकिडवं बसायचा संडास आहे, तर तिथे जायचंच टाळतो, कारण भलतंच सांगतो. हे सगळं त्याला काही न म्हणता चार दिवस नुसतं बघा आणि लिहा. आणि मी केली ती चूक करू नका, मी दवाखान्यात त्याला ‘नीट करून दाखव’ म्हटलं आणि त्याने दात-ओठ खाऊन दाखवलं, कागदावर 4 पडले, रात्री घरी कोपर धरून बसला. फिजिओची काही चूक नाही, त्यांना दिसलं ते त्यांनी लिहिलं.

पेपरसारखा सराव तर अजिबात करून घेऊ नका, गुडघा दाबून वाकवायला गेलात तर ब्लीडच ओढवून घ्याल.

शेवटचं म्हणजे मोबाइलवर जिना चढता-उतरतानाचा व्हिडिओ, दहा सेकंद पुरे, आणि मागून काढा, पुढून काढला की आमचा लगेच सरळ चालायला लागतो.