घरच्या संगणकांचे नेटवर्क उभारताना या चुका टाळा

आमच्या भागातल्या अनेक गावांत आता फायबरची तार पोहोचली आहे आणि एका घरात दोन-तीन संगणक असणे ही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. पुढच्या खोलीत कृषी केंद्राच्या बिलांचा संगणक असतो, माडीवर शिकणाऱ्या मुलीचा लॅपटॉप असतो आणि घरातला कोणी लग्नाचे फोटो काढत असेल तर त्याचे यंत्र वेगळे असते. यांच्यातल्या फायली पेनड्राइव्हवरून वाहून नेण्यापेक्षा घरच्या नेटवर्कवरून घ्याव्यात हा विचार योग्यच आहे आणि त्यासाठी फारसे काही विकतही घ्यावे लागत नाही. मात्र हे काम अडते तेव्हा बहुतेक घरांत त्याच त्या चुका सापडतात. येथे विंडोज असलेल्या संगणकांपुरतेच लिहिले आहे, कारण आपल्याकडे घरोघरी तेच आहेत.

"सारं करून पाह्यलं भाऊ, पण दुसरा कंप्युटर दिसूनच नाही राह्यला," असे सांगणाऱ्याने बहुधा एखादा व्हिडिओ पाहून डझनभर सेटिंग बदललेल्या असतात; दोन्ही संगणकांचे आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवर त्यांची ओळख सांगणारे आकडे, काय आहेत, हे मात्र पाहिलेले नसते. वास्तविक तेथूनच सुरुवात करायला हवी. स्टार्टमध्ये सीएमडी (cmd) उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा द्यावी आणि प्रत्येक संगणकाचा आयपीव्ही४ पत्ता कागदावर लिहून घ्यावा. घरगुती राउटरचा सबनेट मास्क (पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा) सहसा २५५.२५५.२५५.० असतो, तसा असेल तर पत्त्याचे पहिले तीन आकडे सगळीकडे सारखे आणि शेवटचा वेगळा असला पाहिजे. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या संगणकाला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, तेव्हा तार, पोर्ट किंवा राउटर तपासावा आणि तोपर्यंत शेअरिंगच्या सेटिंगला हात लावू नये. हा कागद केल्याशिवाय मी पुढच्या कामाला सुरुवात करत नाही आणि घाई असलेल्या माणसाला ते आवडत नाही, हेही मला ठाऊक आहे.

दोन राउटर, दोन वेगळी नेटवर्क

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक हीच आहे. हिंगणघाटजवळच्या एका गावात जुना वाडा आहे. मातीच्या भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या, त्यामुळे ओसरीवर बसवलेल्या फायबरच्या डब्याचे वायफाय माडीपर्यंत पोहोचत नव्हते. घरच्यांनी नागपूरहून दुसरा राउटर आणला, खालच्या डब्यातून तार वर नेली आणि नव्या राउटरच्या वॅन लिहिलेल्या, म्हणजे बाहेरचे इंटरनेट घेण्याच्या, पोर्टमध्ये खोचली. माडीवर इंटरनेट झकास चालू लागले आणि नेटवर्क झाले असे सर्वांनी गृहीत धरले. पुढे मुलीने लॅपटॉपवरून दुकानाच्या संगणकाचा पत्ता टाकून त्यातली फाईल उघडली, तीही उघडली. परंतु दुकानात बसलेल्या वडिलांना लॅपटॉपमधले फोल्डर काही केल्या उघडेना. एका बाजूने चालते आणि दुसऱ्या बाजूने चालत नाही म्हणजे लॅपटॉपच बिघडला, असा निष्कर्ष निघाला. मी पोहोचलो तेव्हा तालुक्याच्या दुकानातून त्यात नवे विंडोज टाकून आणलेले होते आणि त्या कामाचे पैसेही देऊन झाले होते.

कागदावर पत्ते लिहिताच उलगडा झाला. दुकानाचा संगणक १९२.१६८.१ च्या घरात होता आणि लॅपटॉप १९२.१६८.० च्या. वॅन पोर्टमध्ये तार आली की दुसरा राउटर आपल्या मागे स्वतंत्र नेटवर्क तयार करतो. आतून बाहेर जाणारी मागणी तो पुढे पाठवतो, म्हणून वरून खाली जाता येते. बाहेरून आपणहून आत येणारी मागणी तो अडवतो, म्हणून खालून वर जाता येत नाही. नेटवर्कच्या यादीत एकमेकांची नावेही दिसत नाहीत, कारण ती ओळख पटवणारे संदेश राउटर ओलांडत नाहीत. विंडोज कितीही वेळा नव्याने टाकले तरी यात काडीचाही फरक पडणार नव्हता.

यावरचा उपाय सोपा आहे. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट (वेगळे नेटवर्क न करता फक्त वायफाय पुरवणे) हा प्रकार असेल तर तो निवडावा. नसेल तर तो राउटर आधी एकटा एका संगणकाला जोडून त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरच्या (खालच्या फायबरच्या डब्याच्या) घरातला, पण मुख्य राउटर इतरांना वाटत असलेल्या पत्त्यांबाहेरचा ठेवावा, नंतर त्याचे डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम, बंद करावे आणि खालून आलेली तार वॅनऐवजी लॅन, म्हणजे घरातल्या यंत्रांसाठीच्या, पोर्टमध्ये घालावी. हा क्रम बदलू नये. डीएचसीपी चालू असतानाच तार लॅनमध्ये घातली तर घरात पत्ते वाटणारे दोघे होतात आणि मग कोणता संगणक केव्हा गायब होईल याचा नेम राहत नाही. वाड्यातले सगळे काम चहा थंड होण्याआधी आटोपले. लॅपटॉपमधली मुलीची जुनी टिपणे मात्र नव्या विंडोजच्या नादात गेली होती.

याच कुळातली एक छोटी चूक म्हणजे लॅपटॉप पाहुण्यांच्या वायफायला जोडणे. राउटरमधले गेस्ट नेटवर्क घरच्या संगणकांपासून वेगळे राहावे यासाठीच असते, तेव्हा त्यावरून घरचे फोल्डर उघडत नाही म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही.

पत्ते जुळले आणि तरीही संगणक दिसत नसेल तर नेटवर्कचा प्रकार पाहावा. नव्या वायफायला जोडताना विंडोज ते सहसा पब्लिक धरते आणि बसस्थानकावर बसल्यासारखे स्वतःला लपवून घेते. घरचे नेटवर्क प्रायव्हेट करावे आणि नेटवर्क डिस्कव्हरी व फाईल शेअरिंग तेवढ्यापुरतेच चालू करावे. संगणकात वेगळा अँटिव्हायरस असेल तर त्याची फायरवॉलही (नको ती जोडणी अडवणारी व्यवस्था) निराळी असते, हे लक्षात ठेवावे. होमग्रुप ही विंडोजमधली शेअरिंगची जुनी सोय शोधत बसू नये. विंडोज १० मधून ते २०१८ मध्येच काढून टाकण्यात आले.

पिन म्हणजे पासवर्ड नव्हे

दुसऱ्या संगणकाचे फोल्डर उघडताना नाव आणि पासवर्ड विचारला जातो आणि माणूस रोजचा चार आकडी पिन टाकतो. पिन हा त्या एका यंत्रापुरता असतो, नेटवर्कवरून तो चालत नाही. तेथे ज्या संगणकाचे फोल्डर उघडायचे आहे त्या संगणकावरच्या खात्याचे नाव आणि त्या खात्याचा खरा पासवर्ड लागतो. मायक्रोसॉफ्ट खाते असेल तर पूर्ण ईमेल पत्ता आणि त्याचा पासवर्ड. तो अनेकांना आठवतही नसतो. ज्यांनी पासवर्डच ठेवलेला नाही त्यांचीही सुटका नाही, कारण कोऱ्या पासवर्डच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत येऊ देत नाही.

माझी सवय अशी आहे की, ज्या संगणकात सामायिक फायली राहणार त्यावर फक्त याच कामासाठी एक साधे स्थानिक खाते उघडायचे, त्याला बरा पासवर्ड द्यायचा आणि घरातल्या इतर संगणकांवर तो एकदाच टाकून लक्षात ठेवा या चौकटीत खूण करायची. पासवर्ड पुढे बदलला तर विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (लक्षात ठेवलेल्या पासवर्डांच्या यादीत) साठलेली जुनी नोंद पुसावी, नाहीतर संगणक मुकाट्याने जुनाच पासवर्ड पाठवत राहतो.

सगळे उघडे टाकण्याचा आडमार्ग

पासवर्डचा हा कंटाळा येतो आणि मग व्हिडिओतला रामबाण उपाय होतो: फायरवॉल बंद, पासवर्डने संरक्षित शेअरिंग बंद, पूर्ण डी ड्राइव्ह शेअर, एव्हरीवन या नावापुढे फुल कंट्रोल, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर एसएमबी१ ही फाईल शेअरिंगची जुनी पद्धत चालू. लगेच सगळे दिसू लागते आणि व्हिडिओ करणाऱ्याला धन्यवाद दिले जातात. चालू झाले ना, मग कशाला हात लावायचा, या विचाराने ती अवस्था वर्षानुवर्षे तशीच राहते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडे हेच झाले. घरातच स्टुडिओ होता आणि तीन संगणकांचे ड्राइव्ह भाच्याने अशा रीतीने एकमेकांना मोकळे करून ठेवले होते. एका संगणकावर फोटो सुधारण्याचे सॉफ्टवेअर फुकटात मिळवण्यासाठी कोठून तरी क्रॅक उतरवून घेतले गेले आणि त्यातून फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस शिरला. त्याला जेथे जेथे लिहिण्याची परवानगी होती तेथे तेथे तो गेला आणि परवानगी तर सगळीकडेच होती. व्हायरस एका यंत्रात शिरला आणि फायली तिन्ही यंत्रांतल्या गेल्या. ज्या कार्डांवर पुढच्या लग्नाचे फोटो अजून घेतले गेले नव्हते तेवढी लग्ने हाती लागली. बाकीच्यांना अल्बमबद्दल काय सांगायचे, हा प्रश्न त्या माणसापुढे उन्हाळाभर होता. भाच्याचे म्हणणे अखेरपर्यंत एकच होते की, नेटवर्क तर बरोबर चालत होते.

एसएमबी१ चे प्रकरण याहून जुने आहे. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने याच जुन्या पद्धतीतल्या दोषाचा फायदा घेतला. मायक्रोसॉफ्टने त्याआधी मार्चमध्येच दुरुस्ती दिली होती, पण ती न टाकलेले संगणक सापडले. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये एसएमबी१ मुळात बसवलेले नसते किंवा वापरले नाही तर आपोआप निघून जाते. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत तर पासवर्डविना पाहुणा म्हणून दुसऱ्या यंत्रात शिरणेही मुळातूनच बंद ठेवले आहे. जुन्या स्कॅनरसाठी किंवा जुन्या राउटरला लावलेल्या डिस्कसाठी ही दारे पुन्हा उघडण्यापेक्षा तेवढे काम पेनड्राइव्हने करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बाहेरगावाहून फायली पाहता याव्यात म्हणून राउटरमध्ये ४४५ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे फाईल शेअरिंगचे दार, इंटरनेटकडे उघडणारेही भेटतात. ते कोणत्याही कारणासाठी उघडू नये.

पूर्ण ड्राइव्हऐवजी एकच फोल्डर शेअर करावे. माझ्याकडे त्यात दोन भाग असतात: एकातून इतरांनी फक्त वाचायचे आणि दुसऱ्यात आपल्या फायली आणून टाकायच्या. परवानगी दोन जागी द्यावी लागते, शेअरिंगच्या पानावर आणि सिक्युरिटीच्या पानावर, आणि नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींपैकी जी कडक असेल ती लागू होते. फोल्डर दिसते पण फाईल साठवता येत नाही, या तक्रारीचे मूळ बहुधा येथेच असते.

वीज गेली की पत्ता बदलतो

आपल्याकडे वीज जाऊन-येऊन असते. राउटर पुन्हा सुरू झाला की तो नव्याने पत्ते वाटू शकतो, आणि काल १९२.१६८.१.५ असलेला संगणक आज १९२.१६८.१.८ झाला तर पत्त्यावरून केलेला डेस्कटॉपवरचा शॉर्टकट मोडतो. अनेकजण संगणकातच कायमचा पत्ता लिहून टाकतात आणि राउटर तोच पत्ता एखाद्या मोबाइलला देऊन बसतो. मी राउटरमध्येच अ‍ॅड्रेस रिझर्वेशन करतो (त्या संगणकासाठी एक पत्ता राखून ठेवतो), म्हणजे वाटप एकाच ठिकाणी राहते. फायली असलेला संगणक झोपी जाणार नाही अशी पॉवर सेटिंग करावी. राउटरला छोटा यूपीएस लावावा. फायली चढत असताना बाहेरची हार्ड डिस्क उपटू नये. आणि सामायिक फोल्डरला बॅकअप समजू नये. तेथून पुसलेली फाईल सगळ्यांसाठीच पुसली जाते.

वेगाची तक्रार असेल तर आधी तार पाहावी. शंभर मेगाबिटच्या जोडणीतून सेकंदाला ११-१२ मेगाबाइट जातात, म्हणजे ५० जीबीच्या लग्नाला सव्वा तास लागतो. गिगाबिटवर, डिस्क साथ देत असेल तर, तेच काम आठ-दहा मिनिटांत होते. गिगाबिटला तारेतल्या चारही जोड्या लागतात. उंदराने एक जोडी कुरतडली किंवा क्लिप नीट दाबली गेली नाही तर जोडणी गुपचूप शंभरावर येते आणि इंटरनेट चालूच राहिल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. तार शुद्ध तांब्याची, कॅट५ई किंवा कॅट६ प्रतीची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, पण वाकवताना तुटते आणि लांब अंतरावर दगा देते.

घरापासून कोठ्यापर्यंत किंवा रस्त्यापलीकडच्या गोदामापर्यंत तांब्याची तार उघड्यावरून ओढू नये. अशा तारेची शंभर मीटरची मर्यादा पाळली तरी प्रश्न मिटत नाही, कारण जूनच्या तोंडावर आपल्याकडे विजा पडतात तेव्हा जवळपास पडलेल्या विजेचाही झटका त्या तारेतून दोन्ही टोकांच्या यंत्रांत उतरू शकतो. अशा ठिकाणी फायबर टाकावे आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची तार जोडून देणारा डबा) बसवावा. फायबरच्या काचेतून वीज जात नाही. मात्र टांगण्यासाठी आधाराची लोखंडी तार असलेले फायबर मिळते, ते घेतल्यास ती तार इमारतीत शिरण्यापूर्वी कापून वेगळी करावी आणि कन्व्हर्टरपर्यंत येऊ देऊ नये.