‘अज्ञान’ म्हणजे अडाणी नव्हे: लॉ सीईटीच्या माझ्या दोन खेपा

पहिल्याच सराव पेपरात एक प्रश्न होता: ‘अज्ञान व्यक्तीने केलेला करार...’ आणि पुढे चार पर्याय. मी मनाशी म्हटलं, अज्ञान म्हणजे न शिकलेला, व्यवहार न कळणारा माणूस. त्याला नीट समजावून सांगितलं असेल तर करार टिकायला काय हरकत? त्या अर्थाचा पर्याय होताच, त्यावर टिक केली आणि पुढे गेले. उत्तर चुकलं. कायद्याच्या मराठीत अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालचा. त्याने केलेला करार मुळातच शून्य. कोलकात्यातल्या एका अज्ञान मुलाने घर गहाण ठेवून सावकाराकडून कर्ज काढलं होतं. त्या मोहोरी बीबी खटल्यात 1903 साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, हे ठरवलं, आणि लॉच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला तो खटला कधी ना कधी भेटतोच. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मी, माझ्याच भाषेतल्या शब्दावर आपटले होते.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. वरळीची बीडीडी चाळ, 160 चौरस फुटांची खोली, माणसं पाच. बी.कॉम. करून फोर्टमधल्या एका सीएच्या ऑफिसात जीएसटीची रिटर्नं भरत होते. नोकरी सांभाळून तीन वर्षांचं एलएल.बी. करायचं ठरवलं आणि राज्याच्या सीईटी कक्षाच्या परीक्षेला बसले. पहिल्या खेपेला फसले, दुसऱ्या खेपेला प्रवेश मिळाला. दोन्ही वेळा पुस्तकं जवळजवळ तीच होती, बदललं ते वाचणं.

आधी साधी माहिती. पदवीनंतरचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आणि बारावीनंतरचा पाच वर्षांचा, दोन्हींची सीईटी वेगळी. खुल्या प्रवर्गाला पात्रता परीक्षेत, म्हणजे पदवीला किंवा बारावीला, 45 टक्के लागतात, ओबीसींना 42, अनुसूचित जाती-जमातींना 40. पेपर संगणकावर, 120 प्रश्न, दोन तास, प्रत्येक प्रश्नाला एक गुण, चुकीच्या उत्तराला वजावट नाही. जुन्या गाईडांमध्ये अजून 150 प्रश्नांचे संच छापलेले आहेत. सरावाला ते चालतील, पण वेळेचा हिशेब त्यांच्यावर बसवू नका. तीन वर्षांच्या पेपरात कायदेविषयक कल 24, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी 32, तर्क 24 आणि इंग्रजी 40. पाच वर्षांच्या पेपरात कायदा आणि तर्क प्रत्येकी 32, सामान्य ज्ञान आणि इंग्रजी प्रत्येकी 24, वर गणिताचे 8. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट ही तिसरीच गोष्ट. तिथे लांबलचक उतारे असतात आणि चुकीला पाव गुण कापला जातो. ‘क्लॅटची तयारी केली की सीईटी आपोआप होते’ असं मला दोघांनी सांगितलं होतं. ते अर्धंच खरं आहे, कारण सीईटीत खटले, कलमं, लॅटिन सूत्रं सरळ सरळही विचारतात.

आता मराठी माध्यमवाल्यांसाठी. इंग्रजीचा विभाग सोडला तर प्रश्न इंग्रजी आणि मराठी दोन्हींत दिसतात. याचा आनंद मलाही झाला होता. पण ते मराठी आपण घरात बोलतो ते नव्हे. टॉर्ट, म्हणजे भरपाई मागता येईल असं दिवाणी चुकीचं कृत्य, ते अपकृत्य; कन्सिडरेशन, म्हणजे करारातला मोबदला, ते प्रतिफल. कोर्टाच्या आदेशांचंही तेच. अटकेतल्या माणसाला कोर्टापुढे हजर करायला लावणाऱ्या हेबियस कॉर्पसला एका पुस्तकात ‘देहोपस्थिती’, दुसऱ्यात ‘बंदी प्रत्यक्षीकरण’. अधिकाऱ्याला त्याचं कर्तव्य करायला लावणाऱ्या मँडमसला कुठे ‘महादेश’, कुठे ‘परमादेश’. मी एक दोनशे पानी वही केली. डाव्या पानावर इंग्रजी शब्द देवनागरीत, उजव्या पानावर त्याचे सापडतील तेवढे मराठी अवतार आणि खाली चाळीतलं एखादं उदाहरण. ‘पोलिसांनी नुसती एनसी घेतली’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद आणि त्यात पोलीस दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत, हे सव्विसाव्या वर्षी कळलं. वही भरायला तीन महिने लागले. इतर कुठल्याही नोट्सपेक्षा ती जास्त कामाला आली.

पेपरात मराठी प्रश्न अडला की शेजारचा इंग्रजी वाचा, इंग्रजी अडला की मराठी. दोन्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत बसलात तर मात्र वेळ पुरणार नाही.

माझे सगळ्यात जास्त गुण गेले ते तत्त्व आणि वस्तुस्थितीच्या प्रश्नांत. वर एक कायद्याचं तत्त्व दिलेलं असतं, खाली घडलेली हकिकत, आणि तत्त्व लावून निकाल सांगायचा. दिसतं सोपं. एका प्रश्नात तत्त्व होतं की कायदेशीर हक्काचा भंग झाला नसेल तर नुसत्या आर्थिक नुकसानीची भरपाई मागता येत नाही. हकिकत अशी की एका बाईंच्या खानावळीसमोर दुसरीने स्वस्तातली खानावळ काढली आणि पहिलीचं गिऱ्हाईक तुटलं. मी डोळे मिटून ‘भरपाई मिळेल’ लिहिलं. कारण माझी आई डबे करते, आणि आमच्याच चाळीत एकीने भाव पाडून तिचे अकरा डबे नेले होते. तो राग उत्तरात उतरला.

आमच्या मजल्यावर किल्ला कोर्टात वकिली करणारे एक काका आहेत. त्यांना पेपर दाखवला. ते म्हणाले, “पोरी, आईची बाजू कोर्टात मांड, परीक्षेत नको. वर लिहिलंय तेवढाच कायदा. तुला माहीत असलेला खरा कायदासुद्धा तिथे आणू नकोस.” मग त्यांनी याच तत्त्वाचा मूळ खटला सांगितला. 1410 साली इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला एका मास्तराने जुन्या शाळेजवळ नवी शाळा काढली, स्पर्धेत जुन्या शाळेला फी उतरवावी लागली, आणि तरी भरपाई मिळाली नाही. सहाशे वर्षांपूर्वीचे ते मास्तर आणि आमच्या मजल्यावरची भाव पाडणारी बाई, दोघं एकाच कप्प्यात! आईला सांगितलं तर ती म्हणाली, “मग तुझा कायदा गेला खड्ड्यात.”

त्यानंतर मी एक पद्धत धरली. तत्त्वातल्या ‘जर’, ‘परंतु’, ‘हेतुपुरस्सर’, ‘वाजवी’ अशा शब्दांवर आधी बोट ठेवायचं. मग हकिकत वाचताना प्रत्येक शब्दाची अट पुरी होते का ते पाहायचं. एक जरी अट पुरी झाली नाही तर तत्त्व लागू नाही, मग माणूस कितीही वाईट वागलेला असो. सरावाच्या पेपरात चुकलेल्या प्रश्नापुढे मी कारण लिहायचे: ‘कायदा माहीत नव्हता’ की ‘वाचलं नाही’. दुसरं कारण पहिल्याच्या दुपटीने निघालं.

सरळ कायद्याच्या प्रश्नांसाठी मात्र पाठांतराला पर्याय नाही. संविधानाचे मूलभूत हक्क, कलम 32 (सर्वोच्च न्यायालयात दाद) आणि 226 (उच्च न्यायालयात दाद) यांतला फरक, महत्त्वाच्या घटनादुरुस्त्या, 1973 चा केशवानंद भारती खटला आणि मूलभूत संरचनेचा सिद्धांत (संविधानाचा गाभा संसदेलाही बदलता येत नाही), करार आणि अपकृत्यांतले गाजलेले खटले, एवढं पक्कं हवंच. यात जुन्या पुस्तकांचा मोठा सापळा आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचं 302 आता 103 आहे आणि आपल्या बोलण्यातलं ‘चारसोबीस’ आता 318 मध्ये बसलंय. फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचा कायदाही बदलला. पदपथावरून स्वस्तात घेतलेली माझी दोन पुस्तकं यामुळे निम्मी रद्दी झाली. तरी जुनी कलमं पूर्ण विसरू नका. जुन्या खटल्यांच्या वर्णनात तीच भेटतात.

इंग्रजीला 120 पैकी 40 गुण, म्हणजे पेपराचा तिसरा हिस्सा. मी आधी शब्दसंग्रहाचं जाडजूड पुस्तक घेऊन ‘ए’पासून पाठ करायला बसले. ‘सी’च्या पुढे गेले नाही, आणि कुणी जातं असं वाटतही नाही. उपयोग झाला तो आपल्या चुका मराठीतून कुठे येतात ते शोधण्याचा. मराठीत ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ नाहीतच, त्यामुळे ते गळतात किंवा नको तिथे शिरतात. आपण ‘त्याबद्दल चर्चा केली’ म्हणतो, म्हणून इंग्रजीत ‘डिस्कस’च्या पुढे ‘अबाउट’ चिकटवतो, आणि चुका ओळखण्याच्या प्रश्नांत नेमकं तेच विचारतात. माझ्या अशा पंचवीसेक ठरलेल्या चुका होत्या. त्या सुधारल्यावर त्या प्रश्नांत पाच-सहा गुण वाढले. उताऱ्यांसाठी रोज सकाळी 8.20 च्या बसमध्ये इंग्रजी वर्तमानपत्राचा एक अग्रलेख वाचायचे आणि उतरायच्या आत त्याचं म्हणणं मराठीत एका वाक्यात सांगता येतं का ते पाहायचे. पहिला महिना येत नव्हतं.

सामान्य ज्ञानाला तळ नाही. मासिकं, वर्षबोध, मोबाइलवरच्या फुकट पीडीएफ गोळा करत बसलात तर बाकीचे विभाग उपाशी राहतील. रोज अर्धा तास, त्याहून एक मिनिट जास्त नाही, असं ठरवा. कायदा आणि राज्यव्यवस्थेच्या जवळच्या बातम्या आधी घ्या: नवे कायदे, सर्वोच्च न्यायालयाचे मोठे निकाल, सरन्यायाधीश. चंद्रचूड, खन्ना, गवई ही नावं सहा-सात महिन्यांच्या आत एकामागून एक बदलली, त्यामुळे छापील पुस्तकावर विसंबून चालत नाही. तर्काबद्दल फार सांगण्यासारखं नाही. रोज वीस प्रश्न सोडवा.

अभ्यासाला जागा हा मुंबईतला खरा पेपर. घरात टीव्ही, कुकर, भाच्याचं रडणं. मी रात्री नऊनंतर वरळीच्या अभ्यास गल्लीत जायचे. सुदाम काळू अहिरे मार्गाला आमच्याकडे हेच नाव आहे. चाळीतल्या पोरांच्या पिढ्या तिथल्या दिव्यांखाली शिकल्या. कुणी एमपीएससीचा, कुणी बारावीचा, कुणी पुस्तक हातात घेऊन येरझारा घालत मोठ्याने पाठ करणारा. पावसाळ्यात मात्र ती सोय जाते. मग जवळची महापालिकेची अभ्यासिका किंवा सार्वजनिक वाचनालय आधीच शोधून ठेवा. जूनमध्ये शोधायला निघालात तर खुर्ची मिळणार नाही.

सराव पेपर संगणकावरच सोडवा. मी पहिल्या वर्षी सगळे कागदावर सोडवले. प्रत्यक्ष परीक्षेत पडद्यावर उतारा वर-खाली सरकवताना डोळे दुखायला लागले आणि शेवटचे चौदा प्रश्न मी पाहिलेही नाहीत. वजावट नाही म्हटल्यावर निदान कुठलेतरी पर्याय तरी निवडायचे होते, तेही सुचलं नाही. दुसऱ्या वर्षी ठरवून टाकलं: पहिल्या 95 मिनिटांत येणारे सगळे, पुढच्या 20 मिनिटांत अडलेले, शेवटच्या पाचांत उरलेल्यांना डोळे झाकून उत्तर. परीक्षा वेगवेगळ्या सत्रांत होत असल्याने निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो, म्हणजे आपल्या सत्रातले किती टक्के जण आपल्या मागे आहेत त्यावर. आपला पेपर अवघड गेला म्हणून तिथेच हातपाय गाळू नका. त्या सत्रातल्या बाकीच्यांनाही तो अवघडच गेलेला असतो.

केंद्र कुठे येईल सांगता येत नाही. मला एकदा पवई मिळालं होतं. आदल्या दिवशी जाऊन रस्ता बघून आले ते बरं झालं. परीक्षा रविवारी असली तर लोकलचा मेगाब्लॉक आधी पाहा.

पहिल्या खेपेला माझे गुण अगदीच वाईट नव्हते. प्रवेश हुकला तो अर्जामुळे. अर्ज मी एका सायबर कॅफेतून भरला. तिथल्या मुलाने ओटीपी पटकन यावा म्हणून स्वतःचा मोबाइल नंबर टाकला आणि मी नीट न बघता ‘हो’ म्हटलं. माझी गुणपत्रिका अस्पष्ट अपलोड झाली होती. ती दुरुस्त करा असा निरोप त्याच्या फोनवर गेला. मी लॉगिन उघडून पाहिलं तोवर मुदत संपलेली. त्याला काय दोष द्यायचा, सही माझी होती. तेव्हा नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या आणि प्रवेशफेऱ्या चालू असताना रोज रात्री लॉगिन उघडून पाहा. जात वैधता, नॉन क्रिमीलेअर, ईडब्ल्यूएस, अधिवास, जे लागू असेल ते परीक्षेच्या आधी काढायला टाका. निकालानंतर सेतू केंद्रात रांग असते.

पसंतिक्रम भरताना चर्चगेटचं शासकीय विधी महाविद्यालय सगळेच वर टाकतात. 1855 चं कॉलेज, डॉ. आंबेडकर तिथे प्राचार्य होते, शिवाय फी कमी. जरूर टाका. पण खाली पाच-सहा नावं अशी हवीत की जिथे तुम्ही खरोखर रोज पोचू शकाल. घर, ऑफिस आणि कॉलेज एका रेल्वे मार्गावर बसतं का ते नकाशावर नाही, वेळापत्रकावर पाहा. मला दुसऱ्या फेरीत माटुंग्याचं कॉलेज लागलं. सकाळचे तास संपवून दादरला गाडी बदलून फोर्ट गाठता येतं.

नोकरीवाल्यांनी आणखी एक धरून चालावं. वकिलीच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलच्या नियमानुसार 70 टक्के हजेरी लागते. ‘नुसतं नाव घाला, परीक्षेला या’ असं सांगणारे भेटतील, त्यांच्या भरवशावर प्रवेश घेऊ नका. साहेबांशी प्रवेशाच्या आधीच बोला. मी बोलले तेव्हा आमचे साहेब दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, दहाऐवजी साडेअकराला ये, पण रिटर्नच्या तारखांना रात्री थांबावं लागेल आणि पगारातून दोन हजार कमी. मी दीड हजारावर आणलं.